चार नंबरचं टेबल

आमच्या क्लासात नवीन आलेल्या पोरीला मी पहिले तीन दिवस कीबोर्डला हात लावू देत नाही. आधी बस म्हणते. नुसतं बस. पाठ टेकव, पाय जमिनीला लाव, पुरत नसतील तर पोत्यात गुंडाळलेली ती वीट घे पायाखाली. कोपर काटकोनात, मनगट सरळ, खांदे कानाला लावू नकोस. पोरी खिदळतात. "बाई, आमी टायपिंगला आलोत का योगासनाला?" मी म्हणते, हसा गं भवान्यांनो, हात गेल्यावर डोळे पुसायला बी हातच लागतो.

घाटनांदूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा क्लास आहे. वर पत्रे, आत आठ टेबलं, आठ कॉम्प्युटर. माझ्या सासऱ्यांनी, राधाकिशन मामांनी, टाइपरायटरच्या जमान्यात काढला. ते जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी चालवते. माझं नाव सत्यशीला. शिकवते पुस्तकातली मराठी, बोलते घाटनांदूरची आणि रागावते दोन्हीतून.

हे बसण्याचं खूळ मला माझ्याच हातानं लावलं. तीन-चार वर्षांपासून उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या, मग तेही नाही. एकदा तव्याला बोट टेकलं, ते मला चामडी जळाल्याचा वास आल्यावर कळलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं मनगट दाबून, वाकवून पाहिलं. म्हणाला, "नस दाबली गेलीय, बाई. तेच ते काम, त्याच त्या उंचीवर, मध्ये इसावा न्हाई. लई उशीर केलात. आता निदान दुसऱ्यांचे तरी हात वाचवा."

ते मला लागलं. आल्या आल्या मी अख्खा क्लास उलटापालटा केला. दांडा ओढला की खालीवर होणाऱ्या आठ खुर्च्या आणल्या. टेबलांना खालून सरकते ट्रे लावले, म्हणजे कीबोर्ड मांडीच्या जरा वर येतो आणि खांदे उचलावे लागत नाहीत. मॉनिटरखाली जुन्या गाइडांचे गठ्ठे ठेवून पडदा डोळ्यासमोर आणला. आणि दर पंचवीस मिनिटांनी घंटा. घंटा झाली की सगळ्यांचे हात वर, उभं राहायचं, मनगटं झटकायची, खिडकीतून बाहेरच्या कडुलिंबाकडं बघायचं. गावात माझं नाव घंटेवाली बाई पडलं. पडू दे, म्हणलं.

फक्त चार नंबरच्या टेबलाला ट्रे लागला नाही. ते मामांचं, सागवानी, उंच. बबनराव सुतार ड्रिल घेऊन त्याच्याखाली झोपला आणि तासाभरात तीन सळया मोडून घामाघूम होऊन बाहेर आला. "बाई, हे लाकूड न्हाई, हाड हाय," म्हणाला आणि सामान गोळा करून चालता झाला. तसंही ते टेबल मी कोणाला देत नव्हते. त्याचं कारण सांगते, पण आधी सुनिताचं सांगू द्या, नाहीतर मी माझंच गाणं गात बसेन.

सुनिता जुलैमध्ये आली. चोवीस वर्षांची, बारावी झालेली, अंगानं काटकुळी. नवऱ्याबरोबर, अभिमन्यूबरोबर, दोन वर्षं ऊसतोडीला जाऊन आलेली. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, तर ही त्यातला अर्धा कोयता. पोरगी वळकटीवर बसून अभ्यास करायची आणि लिपिकाची लेखी परीक्षा पास झाली होती! राहिली होती टायपिंगची चाचणी, मराठी, मिनिटाला तीस शब्द. चाचणी नवरात्रात आणि दसरा झाला की ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक. तीस आले तर ऑफिसातली खुर्ची, एकोणतीस आले तर उसाचा फड.

"बाई, मला काय बी करून तीस पायजे," ती म्हणाली. तिच्या तळहाताला घट्टे होते आणि उजवं मनगट फिरवलं की कटकट वाजायचं. दोन वर्षं कोयता मारल्याचं ते देणं होतं.

तिला फक्त दुपारची वेळ जमत होती आणि दुपारच्या बॅचला सात टेबलं भरलेली. तिला परत पाठवायला माझी जीभ रेटली नाही. म्हणलं, महिना-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, जास्तीची गादी टाकून उंच बसवू, आणि दिलं चार नंबर. त्या गोष्टीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

टायपिंग शिकताना बोटांकडं बघायचं नसतं. म्हणून आमच्याकडं मामांपासूनची रीत, हातांवर कापड टाकायचं. पोरी घरून दस्ती, म्हणजे हातरुमाल, आणतात, ती कीबोर्डवर तंबूसारखी पसरायची, हात खाली, नजर पडद्यावर. चार नंबरवर मामांचा पांढरा पंचा असायचा. सुनितानं तोच घेतला.

पहिले पंधरा दिवस ती बाकीच्यांसारखीच रखडली. दहा शब्द, बारा शब्द. आपल्या मराठी कीबोर्डला शिफ्ट फार दाबावं लागतं, करंगळीचा जीव जातो, नव्या पोरी रडकुंडीला येतात. मग एका सोमवारी तिचे बावीस आले. गुरुवारी एकतीस. पुढच्या आठवड्यात चाळीस, आणि चूक एक नाही! पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, पण मला हात आहेत असं वाटत नव्हतं.

कारण मी तिचा कागद छापून पाहिला होता. प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन वेळा स्पेस दिलेली. ही टाइपरायटरवरच्या जुन्या लोकांची सवय. मी कोणाला शिकवत नाही, उलट कॉम्प्युटरवर शिकवूच नये. या घरात ती सवय एकाच माणसाला होती.

"सुने, दोन-दोन स्पेस कोणी शिकवल्या तुला?"

"मी कुठं देते, बाई? मी एकदाच दाबते." ती भोळेपणानं म्हणाली. खोटं बोलत नव्हती.

त्यानंतर खुर्चीचं सुरू झालं. मी तिला उंच बसवायची, कोपर टेबलाच्या बरोबरीला आणून द्यायची आणि पाच मिनिटांत खुर्ची फुस्स करत खाली जायची. सुनिताचं वजन ते किती, एका हातानं उचलावी अशी पोर. खुर्ची खाली गेली की टेबल तिच्या छातीला यायचं, खांदे कानाला, मनगटं वाकडी. मी खुर्ची बदलली. दोन नंबरची चारला, चारची दोनला. दोन नंबरवर ती छान उभी राहिली आणि चारवर आलेली नवी खुर्ची खाली बसली. एका दुपारी सुनिता पाणी प्यायला उठली. मी खुर्ची पूर्ण वर करून ठेवली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. रिकामी खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली गेली. एखादा जड माणूस दमून टेकतो, तशी. पोरी समोर होत्या म्हणून मी "कंपनीचा माल दोन नंबरचा" असं मोठ्यानं म्हणून टाकलं.

आता मामांचं. माणूस देवासारखा, पण शिकवण्यात कसाई. मनगट टेबलाला टेकलं की रुळाचा फटका. पान पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही, लघवीला पण नाही. "हात दुखतो म्हणजे हात बसतोय," हे त्यांचं वाक्य. त्यांच्या हाताखालची किती तरी पोरं कचेऱ्यांत लागली, अजून येऊन त्यांच्या फोटोला हार घालतात. पण शेवटच्या चार वर्षांत मामांना सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती. भात कालवता येत नव्हता, आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई वत्सलाबाई, घास भरवायच्या. आणि तसल्या हातांनी ते रोज चार नंबरला बसायचे. मी चहा आणून ठेवायचे, डाव्या हाताला. "मामा, बस आता, उठा," असं मी एकदा तरी म्हणाले का? नाही. क्लास चालत होता ना! गेले त्या दिवशीही गोधडीवर त्यांची बोटं चालू होती. श्वास थांबला, डॉक्टरनं मान हलवली, घरात रडारड सुरू झाली आणि तरी उजव्या हाताची बोटं दहा-पंधरा मिनिटं चालत होती. हे मी पाहिलं आणि आत्यांनी पाहिलं. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

ते गेल्यावर चार नंबरला मी बसायला लागले. माझा वेग पंचेचाळीसचा होता, तो सत्तरवर गेला. मला वाटलं मामांचा आशीर्वाद. मग बोटं बधिर झाली आणि मी टेबल बदललं. टेबल बदलून बोटं परत आली नाहीत.

श्रावण संपता संपता सुनितानं मला तिचा हात दाखवला. "बाई, भाकर थापताना पीठ लागलेलं कळंना झालंय. ह्या तीन बोटांला." तीच तीन बोटं. तिला मी दुसऱ्या टेबलावर बसवलं. तिथं अठरा शब्द आले. ती रडली, चाचणीपर्यंत चारवर हात बसला की बीडला बी तसाच चालंल म्हणाली आणि उठून परत चारला गेली. मी ओरडले, हाताला धरून ओढलं, ती हलली नाही. काटकुळी पोर, पण फडातली, जोर होता तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. पंखे थांबले, आठही पडदे काळे. म्हणलं, चला, आयताच इसावा, आणि घंटा वाजवली. सगळ्या पोरींनी हात वर केले. सुनितानंही दोन्ही हात वर केले, मी स्वतः बघितले, दोन्ही. आणि चार नंबरवर पंच्याखाली कीबोर्ड वाजत राहिला. टक टक टक टक, अजिबात न चुकता, मध्ये स्पेसचा जाड ठोका, दोन वेळा. पंचा बारीक बारीक उचलला जात होता.

पोरींना वाटलं, कोणी तरी चोरून दाबतंय. "आता पुरे की गं!" म्हणून एकमेकींवर खेकसल्या आणि खिडकीकडं वळल्या. मी सुनिताकडं बघितलं. तिचे हात वरच होते आणि ती शांत होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "रोजच वाजतं, बाई. घंटा झाल्यावर दोन-तीन मिन्टं. मंग थांबतं."

"आणि तू मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी बसू दिलं असतं का?"

मी पंचा उचलून बघायला पाहिजे होता. माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी क्लास लवकर सोडला आणि आत्यांपुढं जाऊन बसले. आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या फोडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तूच बसवून ठिवलंस की त्यांला."

"मी?"

"दहाव्याला. कावळ्याम्होरं."

मला आठवलं. आठवलं काय, विसरले कधी होते! दहाव्याच्या दिवशी ओढ्याकाठी पिंड ठेवला, बाभळीवर सात-आठ कावळे बसलेले आणि एक खाली उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली असली की असं होतं. माझ्या नवऱ्यानं बापाला हात जोडून म्हणलं, "दादा, आईला अंतर देणार न्हाई." कावळा नाही. दिरानं म्हणलं, "शेत इकणार न्हाई." नाही. ऊन तापलं, माणसं सावल्या शोधायला लागली. तेव्हा मी पुढं झाले आणि छाती काढून म्हणलं, "मामा, तुमचा हात मी थांबू देणार न्हाई. चालू ठिवीन." शब्द तोंडातून निघाले आणि कावळा पिंडावर. लोक रडले. सून असावी तर अशी, म्हणाले. महिनाभर मी जमिनीवरून दोन बोटं वर चालत होते.

"त्याच टायमाला मी मागं बसून बोललते," आत्या म्हणाल्या. "पदरात तोंड घालून. म्हणलं, आता बसा हो निवांत, हात पुसा, जेवा. कावळा त्याला आलता. तू मधीच हात चालू ठिवते म्हणलीस. मंग त्यांनी तरी काय करावं? शब्द दिला-घेतला की माणूस बांधला जातो."

"तवाच का न्हाई बोललात, आत्या?"

"समदा गाव तुझं कौतुक करत होता." त्यांनी एक शेंग फोडली, आत काही नव्हतं, टाकून दिली. "आन मला वाटलं, तेवढाच क्लास चालंल."

आम्ही दोघी सारख्याच, हे मला त्या दिवशी कळलं. दोघींनाही तो माणूस दमलेला दिसत होता आणि दोघींनाही क्लास चालायला पाहिजे होता.

भादव्यातल्या वद्य पंचमीला मामांचं पित्तर असतं, तोवर थांबले. वडे, खीर, कढी, भाजी, सगळं केलं. क्लासला सुट्टी दिली. केळीच्या पानावर घास वाढून मी आणि आत्या क्लासच्या पत्र्याजवळ शिडीनं चढलो. म्हातारीला मी खाली थांबा म्हणत होते, ऐकलं नाही. घास ठेवला. मी म्हणलं, "मामा, चुकले मी. माझा शब्द मी माघारी घेते. हात थांबवा. उठा आता." आत्यांनी नुसतं "चला" म्हणलं, जेवायला बोलावतात तसं.

कावळा यायला अर्धा तास लागला. आला, वडा उचलला आणि त्याच क्षणी खाली क्लासात फुस्स असा आवाज झाला. उतरून कुलूप काढलं. चार नंबरची खुर्ची पूर्ण वर आली होती. मी लहान पोरीसारखी रडले. संध्याकाळी कढीची पळी धरली तर ती गरम लागली! तीन वर्षांनी गरम लागली. मी ती सोडलीच नाही, हात पोळला तरी धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सुनिता चारला बसली आणि तिचे सतरा आले. परत केलं, अठरा. ती पंच्याखालचे हात काढून त्यांच्याकडं बघायला लागली. मग माझ्याकडं.

"काय केलं तुमी?"

चाचणीला बारा दिवस होते. मी तिला बाहेर लिंबाखाली नेलं आणि सगळं सांगितलं. टेबल, मामा, दहावा, कावळा, पित्तर, काहीच ठेवलं नाही. मला वाटलं, खरं सांगितलं की ती समजून घेईल. शिकवणाऱ्या माणसाला ही एक वाईट खोड असते.

"माझं वाटोळं केलं तुमी," ती म्हणाली. "तुमाला कोणी सांगितलं होतं?"

"हात गेला असता, सुने."

"हात माझा होता."

आणि मग तिनं एकच गोष्ट विचारली, अगदी साध्या आवाजात, "दहाव्याला तुमी बोलल्या बोलल्या कावळा आला का, बाई?" मी म्हणलं, व्हय, लगेच. ती मान हलवून आत गेली. मला वाटलं, तिचा राग उतरला.

पुढचे नऊ दिवस मी तिच्यावर जीव टाकला. दोन नंबरला बसवलं. ट्रे तिच्या मापाचा लावला, पायाखाली वीट दिली, मनगटाखाली कापडाची गुंडाळी ठेवली आणि तीही फक्त थांबताना टेकायला. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं इसावा. करंगळीनं शिफ्ट दाबताना सगळा हात सरकव, नुसतं बोट ताणू नको, म्हणून सांगितलं. रात्री गरम पाण्यात मनगट धर. ती सगळं ऐकायची. बोटांची बधिरता कमी झाली, पीठ लागलेलं कळायला लागलं. वेग एकवीस, तेवीस, सव्वीस. सव्वीसला अडकला. माझ्या मनाला एकच चाळा, चार शब्द. देवा, चारच शब्द दे! सर्वपित्री अमावास्येला तिनं सुट्टी मागितली, घरचं पित्तर आहे म्हणाली, मी दिली. दुसऱ्या दिवशी घट बसले, क्लास बंद.

त्याच्या पुढच्या दिवशी चाचणी. बीडला मी तिच्यासोबत गेले. अभिमन्यू येणार होता, पण त्याला मुकादमानं बोलावलं होतं. केंद्राबाहेर दोन तास उभी होते. पायऱ्या उतरताना तिचा चेहरा बघून काहीच कळेना.

"किती?"

"बेचाळीस. पडद्यावर आलं. पास लिहिलंय."

मी तिला मिठी मारली. रस्त्यावर, चारचौघांत. म्हणलं, बघ, म्हणत नव्हते मी, सरळ बसलं, इसावा घेतला की हात आपोआप धावतो! माझी छाती फुगली. सव्वीसचे बेचाळीस दोन दिवसांत कसे होतात, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. पडला नाही. आनंदात माणूस आंधळा होतो.

परतीची एसटी मांजरसुंब्याला चहापाण्यासाठी थांबली. ढाब्यावर बाकड्यावर बसलो. पोऱ्यानं चहा ठेवला. सुनितानं ग्लास डाव्या हातानं घेतला. उजवा हात टेबलावर होता आणि त्याची बोटं चालत होती. पाचही. करंगळी बाजूला जाऊन दाबत होती, अंगठा मध्ये मध्ये ठोका देत होता, दोन वेळा.

"सुने, हात थांबव."

"थांबत न्हाई, बाई. परवापासून. सकाळी एसटीत पदराखाली धरलता." ती चहा फुंकत होती.

"काय केलंस तू?"

"अमावस्येला पहाटंच तुमच्या क्लासच्या पत्र्यावर घास ठिवला. ते माझे कोणी न्हाईत, पण त्या दिवशी कोणाला बी जेवू घालता येतं. म्हणलं, बाबा, माझा हात घ्या, तुमचा चालू ठिवा." तिनं माझ्याकडं बघितलं. "कावळा लगेच आला."

मी ग्लास खाली ठेवला. माझ्या बोटांना त्याचा चटका बसत होता, माझ्या बऱ्या झालेल्या बोटांना, आणि मला स्वतःची किळस आली.

"तो माणूस सुटलता गं! मी सोडवलं होतं. आन तुझा हात बी सुटला होता. पीठ कळायला लागलं होतं तुला. नोकरी लागेपर्यंत जातील ही बोटं. पुढं गुंडी लागणार न्हाई, लेकराला घास भरवता येणार न्हाई..."

"बाई," ती म्हणाली, रागानं नाही, मला समजावावं तशी. "फडात बी हात जातोच. माझ्या मायचा गेला, सासूचा गेला. तिथं बदल्यात कोणी शब्द बी देत न्हाई."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी तिला खिडकीची जागा दिली. मग तिचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. घाटनांदूर येईपर्यंत धरून होते. तिला झोप लागली, पण हात थांबला नाही.